आठव्या झाडावरची धून

आईने तो डबा हातात घेऊन उलटसुलट केला, कानाशी हलवून पाहिला आणि विचारलं, "यात सुपारी कुठे ठेवायची?"

डबा म्हणजे माझा नवा, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. तळहातापेक्षा थोडा मोठा, राखाडी रंगाचा. मध्ये पडदा, डाव्या अंगठ्याखाली अधिकच्या चिन्हासारखं एक बटण, उजव्या अंगठ्याखाली चार गोल बटणं. महिनाभर वाट पाहून मागवलेला. आत जुन्या काळातले गेम भरलेले होते, काही हजार.

"काही हजार?" आई म्हणाली. "आणि खेळणार मी एकटी. लग्नाचा स्वयंपाक करायचा आणि जेवायला एकटे भटजी."

मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हा माझा व्यवसाय आणि जुने व्हिडिओ गेम खेळणं हा माझा छंद. जुनी यंत्रं आता मिळत नाहीत, मिळाली तर चालत नाहीत. म्हणून आजचं यंत्र जुन्या यंत्राचं सोंग घेतं. सोंग इतकं बेमालूम असतं की बिचारा गेम फसतो. त्याला वाटतं, अजून आपण टीव्हीच्या शेजारी स्टुलावरच आहोत आणि कुणीतरी कॅसेटमध्ये फुंकर मारून आपल्याला नुकतंच खोचलंय. हे सोंग साध्या लॅपटॉपलाही घेता येतं आणि अशा खास डब्यालाही.

पण या छंदातही सोवळंओवळं आहे. मी सोवळ्यातला. माझं ठाम मत होतं की गेम हा गेमसाठी बनवलेल्या वस्तूवरच खेळावा. ज्या लॅपटॉपवर दिवसभर साहेबांच्या मेल वाचायच्या त्याच्यावरच संध्याकाळी खेळायला बसायचं म्हणजे ज्या परातीत पाय धुतले तिच्यातच कणीक मळण्यासारखं. हे मत मी घरात अनेकदा मांडलं होतं. कुणी ऐकून घेतलं होतं असं नाही.

डबा मात्र मी माझ्यासाठी घेतला नव्हता. तो आईसाठी होता आणि त्यामागे माझा जुना गुन्हा होता.

मी बारा वर्षांचा असताना आमच्याकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला. तेव्हा आम्ही कर्वेनगरला दोन खोल्यांत राहत होतो. त्याच्याबरोबर एकच कॅसेट होती आणि तिच्यात एकच गेम, खारीचा. एक खार झाडावर चढते, फांदीवरून फांदीवर उड्या मारते, अक्रोड गोळा करते, घारीला चुकवते आणि शेंड्यावरच्या ढोलीत शिरते. मग दुसरं झाड. अशी आठ झाडं. प्रत्येक झाडाची धून वेगळी.

माझ्यासाठी तो खेळ होता. आईसाठी ती आठ गाणी होती. आई घरी पेटीचे क्लास घेत असे, पेटी म्हणजे हार्मोनियम. दुपारी पदर खोचून ती टीव्हीसमोर बसायची, झाड चढायची, आणि शेंड्यावर पोचली की खार ढोलीत सोडून स्वतः वहीकडे धावायची. धून ती वहीत स्वरलिपीत उतरवून घेत असे. पहिल्या झाडाची धून सोपी म्हणून नव्या मुलींना तिने तीच शिकवायला घेतली. वार्षिक कार्यक्रमात एका पालकांनी मोठ्या भक्तिभावाने विचारलं, "बाई, ही रचना कोणाची?" आईने डोळ्याची पापणीही न हलवता सांगितलं, "पारंपरिक आहे."

सात झाडं वहीत आली. आठवं येईना. त्या यंत्रात खेळ जपून ठेवायची सोय नव्हती. पहिल्यापासून आठव्यापर्यंत एका बैठकीत जायचं, मेलो तर पुन्हा पहिलं झाड. मधे फक्त थांबता यायचं, तेही वीज चालू ठेवून.

एका रविवारी आई आठव्या झाडावर पोचली. धुनेच्या दोन ओळी तिने ऐकल्या, खेळ थांबवून दोन्ही वहीत लिहिल्या, आणि तेवढ्यात बाबा चपला घालून दारात उभे राहिले. खडकवासल्याला जायचं ठरलं होतं, कणसं खायला. बाबांनी ठरवलेली वेळ म्हणजे वेळ. आईने खेळ तसाच थांबवून ठेवला, टीव्ही बंद केला आणि यंत्र चालू राहू दिलं. आल्यावर पुरं करीन म्हणाली.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबांचा जगातल्या कुठल्याही गोष्टीवर राग नव्हता, फक्त चालू राहिलेल्या बटणांवर होता. "जे कुणी बघत नाही ते चालू कशाला?" हा त्यांचा सिद्धांत. प्रत्येक बटणपाटीवर त्यांच्या सुवाच्य अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली असे. 'बाहेर जाताना बंद करणे.' 'खोलीत माणूस नसल्यास पंखा लावू नये.' न्हाणीघरात तर 'दिवा आपल्यासाठी आहे, पालीसाठी नाही.' आणि घरातला अलिखित नियम असा की शेवटी बाहेर पडेल त्याने सगळी बटणं बघायची.

बाबा स्कूटर काढायला खाली गेले, आई त्यांच्यामागे. मी माझी टोपी विसरलो म्हणून परत वर आलो. म्हणजे शेवटी मी. टोपी घेतली, बटणं बघितली. टीव्हीमागे एक लाल दिवा लुकलुकत होता. मी बंद केला. इतका आज्ञाधारकपणा मी आयुष्यात नंतर कधी दाखवलेला नाही. मग बाबा वर येऊन कुलूप लावून गेले आणि आम्ही तिघं एका स्कूटरवरून धरणाच्या वाऱ्यात कणसं खायला गेलो. तिथे पाण्याकडे बघत आई ती धून गुणगुणत होती. दोन ओळी झाल्या की थांबायची आणि हसायची. मला तेव्हाही काही सुचलं नाही.

घरी आल्यावर तिने टीव्ही लावला. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

आई वळली. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "मी बंद केलं."

तीन शब्द. मी गप्प राहिलो.

आई बाबांशी आठ दिवस बोलली नाही. "बाबांना सांग, पान वाढलंय." "आईला सांग, येतो." दोघांमध्ये चार फुटांचं अंतर आणि निरोप पोचवायला मी. त्यानंतर बाबांनी एक सवय लावून घेतली. घरातून शेवटी बाहेर ते स्वतःच पडायचे, दुसऱ्या कुणाला पडू द्यायचे नाहीत. पुढे महिन्याभरात यंत्र जळालं, कॅसेट कुणीतरी खेळायला म्हणून नेली ती गेलीच, आणि आठवं झाड राहिलं ते राहिलं.

यंदा आईने क्लास बंद केला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजला आहे, पेटीवर हात ठेवला की कळ येते. वह्या आवरताना ती खारीची वही माझ्या हाती लागली. सात पानं भरलेली. आठव्या पानावर 'झाड आठवे', खाली दोन ओळी, आणि त्याखाली तिने आखून ठेवलेल्या चार कोऱ्या ओळी. मी म्हटलं, "आई, हे अर्धंच आहे गं." ती म्हणाली, "राहू दे. असतं काही काही अर्धं." तिने ते इतक्या सहज म्हटलं की मला आत कुठेतरी लागलं.

पुढच्या महिन्यात तिच्या अंगठ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. नंतर अडीच-तीन महिने हात बांधलेला, आणि बोटं पुढे कशी चालतील ते तेव्हाच कळेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हा मला एवढंच हवं होतं की त्याआधी ती आठव्या झाडावर चढावी आणि त्या चार ओळी भराव्यात.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, इंटरनेटवर कुणीतरी खेळलेलं सापडेल की. मलाही सापडलं होतं. आईला दाखवायला गेलो तर तिने फोनवर हात ठेवला. "दुसरा जेवला, त्याची ढेकर ऐकून माझं पोट भरेल का?"

म्हणून डबा आणला. आई सोफ्यावर बसली, चष्मा कपाळावर चढवला, उतरवला, डबा हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला. "तुझी खार आजारी आहे का? केवढीशी झाली!" पहिल्या झाडाच्या दुसऱ्याच फांदीवरून खार पडली. पुन्हा पडली. दहा मिनिटांनी आईने डबा खाली ठेवला, आत गेली आणि अंगठ्याला बाम चोळत बसली.

मी म्हटलं, "सवय होईल."

"कुणाला?" माझी बायको म्हणाली. "अंगठ्याला?"

मी डब्याची बाजू लावून धरली. वजन किती हलकं, बटणं कशी अस्सल, हातात कसा बसतो. बायको म्हणाली, "तुझ्या हातात बसतो." मग तिने कपाटातून तिचा जुना लॅपटॉप काढला. त्याची बॅटरी पार गेलेली होती. वायर जोडलेली असेल तोवर चालायचा, काढली की मान टाकायचा. "यावर टाक तो गेम. पडदा मोठा आहे, मांडीवर पेलायचा नाही, टेबलावर राहील."

"लॅपटॉपवर?" मी परात आणि कणकेचं उदाहरण पुन्हा सांगायला लागलो.

"तुला आईंना जिंकवायचंय की तुझ्या डब्याला?" ती म्हणाली.

गेम लॅपटॉपवर आला. आई जेवणाच्या टेबलाशी बसली आणि तिने कळफलकावर उजवा हात ठेवला. तो तिने ठेवला तसा मी कुणालाच ठेवताना पाहिलेला नाही. बोटं वाकवून, मनगट सैल. मग फर्मान सुटलं. डावीकडे जायचं ते या बोटाखाली हवं, उजवीकडे या, उडी मधल्या बोटाखाली. "अंगठा रजेवर आहे. त्याला काही काम देऊ नकोस." डब्यावरची बटणं बनवणाऱ्याने ठरवून दिलेली असतात, आपला हात त्यांच्या हिशेबाने वाकवावा लागतो. लॅपटॉपवर कुठलंही काम कुठल्याही कळीला सांगता येतं. मी दहा मिनिटांत आईच्या हाताप्रमाणे सगळं बदलून दिलं, मनातल्या मनात नाक मुरडत.

खार चढायला लागली. एकच अडचण होती. आईचा डावा हात रिकामा राहीना. पन्नास वर्षं त्याने पेटीचा भाता हलवला होता. तो आपोआप लॅपटॉपच्या पडद्यामागे गेला आणि पडदा पुढे-मागे करायला लागला. खार चढतेय आणि अख्खं झाड डुलतंय. बाबा वर्तमानपत्र खाली ठेवून उठले, शब्दकोशाचे दोन जाड खंड आणले आणि पडद्यामागे टेकू लावला. "आता हवा भर," म्हणाले आणि परत जाऊन बसले.

पाचव्या झाडापर्यंत ती तिसऱ्या दिवशी पोचली. तिथे अडली. पाचव्या झाडावर घार झपकन येते, आणि आईच्या बोटांना आता ते झपकन जमत नव्हतं. दिवसातून वीस वेळा खार पडायची. आई "अगं बाई" म्हणायची आणि पुन्हा पहिल्या झाडाशी जायची. मी सांगितलं, या यंत्रात जिथे आहोत तिथेच खेळ जपून ठेवता येतो, उद्या तिथूनच पुढे सुरू करायचा.

"मैफल बरणीत भरून ठेवायची आणि उद्या झाकण उघडायचं? लोणचं आहे का ते?"

तो मार्ग खुंटला. मग मी दुसरा शोधला. या सोंगात एक सोय असते, खेळाचा वेग कमी करता येतो. आई चहा टाकायला गेली तेव्हा मी वेग शंभराचा नव्वद केला. एरवी मला हे पाप वाटलं असतं. सोवळ्यातल्या माणसाने पाणी घालून आमटी वाढवावी तसं. पण त्या दिवशी दुपारी आई पाचवं झाड चढून गेली, दुसऱ्या दिवशी सहावं, आणि मी बाबांच्या समोर बसून विजयी चेहऱ्याने पेपर वाचत होतो.

तिसऱ्या दिवशी आई खेळता खेळता, मान न वळवता म्हणाली, "पांढरी पाचची पांढरी चार कुणी केली?"

ही पेटीच्या पट्ट्यांची भाषा. मी पेपर वर धरला.

"पहिल्या दिवसापासून ऐकतेय. आधी हे पांढरी पाचमध्ये वाजायचं. आता पांढरी चार, आणि तीही थोडी चढी. धड कुठल्याच पट्टीत नाही. बेसूर करून ठेवलंस."

माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. वेग कमी केला की आवाजही खाली येतो. गेमला फसवता येतं, पेटीच्या बाईंना नाही. मी कबूल केलं. म्हटलं, "आई, रागावू नकोस. लगेच पूर्ववत करतो."

"पूर्ववत कशाला? अजून खाली आण. काळी दोनला आण म्हणजे मला सातवं जमेल." मी बघत राहिलो तशी ती म्हणाली, "अरे, वय झालं की गाणारे पट्टी उतरवून घेतात. त्यात लाज कसली? पण उतरवायची ती नीट एका स्वरावर आणून. मधेच लोंबकळत नाही ठेवायची."

मग आईने माझ्याकडून लॅपटॉप लावून घेतला, तंबोरा लावतात तसा. मी वेग ऐंशी केला. तिने पेटीचं झाकण उघडलं, काळी दोनचा स्वर धरला, कान दिला. "किंचित चढं आहे." मी एकोणऐंशी केला. तिने डोळे मिटले. "हं. आता बसलं."

डब्यात असा वेग कमी करता येत असेलही. मी शोधलं नाही. डबा तेव्हापासून कपाटात आहे आणि खरं सांगायचं तर माझं सोवळंही त्याच्या शेजारीच आहे.

मग घरात रियाज सुरू झाला. रोज सकाळी अंघोळ, पूजा, आणि दहा वाजता खार. सातवं झाड सर झालं. ऑपरेशनला आठ दिवस राहिले असताना कर्वेनगरला माझ्या चुलतबहिणीच्या मुलीचं डोहाळजेवण आलं. बाराला निघायचं होतं. आई जरीची साडी नेसून नऊलाच टेबलाशी बसली. "आज बोटं मोकळी आहेत," म्हणाली.

आणि खरंच मोकळी होती. एकामागून एक झाड, एकदाही न पडता. पण पट्टी उतरवली की मैफल लांबते, हे आम्ही कुणी ध्यानात घेतलं नव्हतं. एकोणऐंशीच्या वेगाने आठ झाडं चढायला वेळ लागणारच. पावणेबाराला खार आठव्या झाडाच्या बुंध्याशी उभी राहिली. धून सुरू झाली. दोन ओळी आईला पाठच होत्या. तिसरी सुरू झाली तसा तिचा डावा हात शब्दकोशावर थांबला. तिने निम्मं झाड चढवलं, आणि खालून रिक्षाचा हॉर्न वाजला.

"निघायचं," बाबा म्हणाले. बाबांची वेळ म्हणजे वेळ. एवढ्या वर्षांत तीत काही फरक पडलेला नव्हता.

आईने खेळ थांबवला. मी म्हटलं, "आई, आजच्या दिवस जपून ठेवू दे. एक कळ दाबायची आहे फक्त."

"हात लावू नकोस. आल्यावर पुरं करीन."

तेच शब्द. मी लॅपटॉपला झोप न घेण्याची ताकीद दिली, वायर नीट बसली आहे ना पाहिलं आणि आईला जिना उतरायला धरून खाली आलो. बायको आधीच रिक्षात बसली होती. दोन-तीन मिनिटांनी बाबा आले, खिशात किल्ली टाकत.

रिक्षा कर्वेनगरच्या चौकात आली तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शेवटी बाहेर पडले ते बाबा. त्या लॅपटॉपला बॅटरी नव्हती. भिंतीवरचं एक बटण, आणि बाबा.

डोहाळजेवणात मला काय वाढलं ते आठवत नाही. बाबा शेजारच्या पानावर होते. मी हळूच विचारलं, "बाबा, टेबलापाशी भिंतीवर एक बटण आहे ना, लॅपटॉपचं..."

"घरातून निघताना मी सगळी बटणं बघतो," बाबा म्हणाले आणि मसालेभात मागितला.

पुढे विचारायची माझी छाती झाली नाही. पलीकडच्या ओळीत आई होती. ओटी भरणाऱ्या बायकांच्या घोळक्यात बसून ती बोटांनी मांडीवर काहीतरी वाजवत होती. बारा वर्षांचा असताना मी गप्प राहिलो होतो. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी पुन्हा गप्प बसलो होतो आणि समोर जिलबी होती.

घरी आलो. बाबांनी कुलूप काढलं. पंखा बंद, दिवे बंद. बैठकीतला टीव्ही बंद आणि त्याची पिनही काढून ठेवलेली, कारण बाबा नुसतं बटण बंद करून थांबत नाहीत, पिन काढून बाजूला ठेवतात, कायमच. पडदे ओढलेले. आणि त्या अंधाऱ्या खोलीत जेवणाच्या टेबलावर उजेड होता. खार निम्म्या झाडावर एक पाय उचलून उभी होती. भिंतीवरच्या बटणाखाली बाबांच्या सुवाच्य अक्षरात नवी चिठ्ठी होती. 'हे बटण बंद करू नये. धून अर्धी आहे.'

आईने चिठ्ठी वाचली, बाबांकडे बघितलं. जरीचा पदर खोचला आणि बसली.

ती कशी चढली ते मी सांगू शकत नाही, मी बहुतेक वेळ डोळे मिटून होतो. घार दोनदा चाटून गेली. बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला. शेवटची उडी आईने जरा थांबून, समेवर यावं तशी मारली, आणि खार ढोलीत गेली.

आत काही खास नव्हतं. अक्रोडांचा ढीग आणि झोपलेली खार. पण धून पुरी वाजली आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. आईने वही ओढली. आधी तिने ती काळी दोनमध्ये दोनदा ऐकली. मग म्हणाली, "आता मूळ पट्टीत लाव." मी वेग शंभर केला. धून उंच, चपळ, कर्वेनगरच्या दोन खोल्यांतल्यासारखी वाजायला लागली. पेन्सिल धरून आईचा अंगठा दुखत होता, तरी तिने कुणाला लिहू दिलं नाही. चार ओळी आखल्या होत्या, साडेतीन लागल्या. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. मला इतका आनंद कशानेच कधी झाला नव्हता.

बाबा पेपर उघडत म्हणाले, "या वेळीही मी बंद केलं नाही बरं का."

'या वेळीही' हे मला ऐकू आलं तसं आईलाही आलं असणार. मी म्हटलं, "आई, त्या दिवशी ते बटण..."

"तू बंद केलंस," आई वहीतून मान न काढता म्हणाली. "ठाऊक आहे मला. पिन जागेवरच होती. यांनी बंद केलं असतं तर पिन काढून ठेवली असती."

मी खुर्चीत बसलो. "मग बाबांशी आठ दिवस का बोलली नाहीस?"

"राग आला होता रे फार. कुणावर तरी काढायलाच हवा होता. तू बारा वर्षांचा होतास." तिने शेवटच्या ओळीखाली रेघ मारली आणि वही मिटली. "यांना तो पेलणारा होता."

बाबांनी पेपर बाजूला ठेवला. उठले, टेबलापाशी आले. "झालं ना लिहून?"

"झालं," आई म्हणाली.

बाबांनी चिठ्ठी सोलून काढली, घडी घालून वहीत ठेवली. मग बटण बंद केलं आणि पिन काढून ठेवली.